शिट्टी वाजली की थांबायचं

सोमवार, ४ मार्च

डोक्याचा नुसता भुगा झालाय, म्हणून लिहायला बसले. ही वही डॉक्टरांमुळे आणली. रक्तदाब मोजून ते म्हणाले, राग आला की माणसांवर काढू नका, कागदावर काढा. कागद बिचारा.

तर आज धाकट्यांनी वर बोलावलं. धाकटे म्हणजे आमच्या बरण्यांच्या कारखान्याचे नवे मालक. थोरले थकून घरी बसले आणि लेक खुर्चीवर आला. मी पॅकिंगची प्रमुख. भट्टीतून निघालेली काचेची बरणी गिऱ्हाइकाकडे बरणी म्हणूनच पोचावी, चुरा म्हणून नाही, हे बघणं माझं काम. हाताखाली बारा माणसं.

धाकटे म्हणाले, "ताई, आपली माणसं हसत नाहीत."

मी म्हटलं, "काच भरताना हसलं की हात हलतो."

ते हसले आणि टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्यांची भारी हौस. स्वतः वाजवतात आणि समोरचा वाजवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात. मग म्हणाले, रोज जेवणानंतर अर्धा तास खेळ घ्यायचे. तीन आठवडे. शेवटच्या शनिवारी मोठा खेळ, सगळ्या कारखान्याचा. माणसं जवळ येतील, एकमेकांवर विश्वास ठेवतील. पंधरा वर्षं एका टेबलावर भरतायत, अजून किती जवळ यायचं? एकमेकांच्या मांडीवर बसायचं का? मी हे तोंडावर विचारलं. मी काही कुणाची भीड ठेवत नाही. गेल्या उन्हाळ्यात पॅकिंगला पंखे मिळावेत म्हणून थोरल्यांच्या दारात ठाण मांडून बसले होते. पंखे घेऊनच उठले.

"म्हणूनच तुम्ही हव्यात," धाकटे म्हणाले. "ह्या कारखान्यात तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाचं ऐकतात सांगा."

आता खरं ते खरं. हो म्हटलं. वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली, गळ्यात शिट्टी मिळाली आणि पद मिळालं: आनंदप्रमुख. पॅकिंग तेवढ्यापुरतं मुकीकडे सोपवलं. ती मुकी नाही, पण दिवसाला दहा शब्दांच्या वर खर्च करत नाही, म्हणून सगळे तिला मुकीच म्हणतात. माझ्या शेजारी उभं राहून तिने उभा जन्म काढलाय.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय तुला. बेताने चढ, ते झाड गुडघ्याएवढंच असतं."

कौतुकाचा एक शब्द निघेल तर शपथ.

बुधवार, ६ मार्च

पहिला खेळ रस्सीखेच. भट्टीवाले एका बाजूला, पॅकिंग दुसऱ्या. दोर मीच सुतळी वळून केला होता. तिसऱ्या हिसक्याला तुटला आणि दोन्हीकडची माणसं बुडावर आपटली. सगळे खिदळतायत आणि मी शिट्टी फुंकून फुंकून लाल. कुणी ऐकेना. शेवटी ओरडले, "शिट्टी वाजली की जो जिथे आहे तिथे पुतळा! श्वास घ्यायचा तेवढा घ्या, बाकी काही नाही!" मग पाच वेळा तेवढंच करून घेतलं. शिस्त नाही तर खेळ कसला?

परत जाताना रेडिओ म्हणाली (पॅकिंगमधली, तोंडाचा पट्टा कायम चालू), "ताई, हा अर्धा तास संध्याकाळी थांबून भरून काढायचाय म्हणे."

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच धाकट्यांकडे गेले, भांडायलाच. त्यांनी बसवलं, कॉफी मागवली, माझ्या शिट्टीचा आवाज त्यांच्या खोलीपर्यंत किती ठणठणीत आला ते सांगितलं. "थांबायचंय, पण आनंदाने थांबू दे. ते तुम्हीच करू शकता." बाहेर आले तेव्हा माझ्या हातात फुग्यांची दोन पाकिटं होती. भांडण कुठे राहिलं देव जाणे.

शनिवार, ९ मार्च

संगीत खुर्ची, वरच्या मजल्यावर. वर खुर्च्या पुरेनात, म्हणून पॅकिंगमधल्या वर आणवल्या. भट्टीचा एक आडदांड गडी आणि रेडिओ एकाच खुर्चीवर बसले आणि उठायलाच तयार होईनात. तिथे मात्र मीसुद्धा हसले.

खेळ झाल्यावर मुकीने विचारलं, "खुर्च्या?"

धाकटे शेजारीच होते. म्हणाले, राहू देत वर, शेवटच्या शनिवारच्या मोठ्या खेळालाही लागतील. खरंच आहे, कोण रोज चढवणार-उतरवणार! मुकी माझ्याकडे बघत राहिली. बघण्याने खुर्च्या खाली जातात असं वाटतं की काय तिला.

खाली एक माणूस मोजपट्टी घेऊन पॅकिंगची जमीन मोजत होता. रंग द्यायचा असेल. वर्षानुवर्षं मागतेय मी, आता सुचलं. माझी पाठ वळल्यावर!

मंगळवार, १२ मार्च

आज मुकीवर फार चिडले. मी डोळ्यांच्या पट्ट्या शिवत होते. शेवटच्या शनिवारच्या मोठ्या खेळात सगळ्यांचे डोळे बांधायचेत. तेवढ्यात ती जिना चढून वर आली.

"ताई, खाली या."

"काय झालं?"

"या तर."

"बोल ना, तोंडात काय गुळणी धरलीय?"

ती दारात उभी. माझ्याकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं. म्हणाली, "लोक येतायत. बघून जातायत."

"येऊ देत. गिऱ्हाइकं असतील. इतकी वर्षं माझ्या शेजारी काढलीस आणि तीन आठवडे खोकी सांभाळता येत नाहीत?"

ती गेली. नंतर मला जरा वाईट वाटलं, पण आधी राग आला आणि तोच जास्त वेळ टिकला. सगळ्यांना ताई लागते. चमच्याने भरवायला लागते. मी मेले तर कारखाना बंदच पडायचा.

शुक्रवार, १५ मार्च

भलाईचा जमाना राहिला नाही.

आज अंगणात पकडापकडी. ज्याच्यावर राज्य तो पकडणार, पकडला गेला तो बाद. टेपकाका, आमच्याकडे खोक्यांना टेप लावतात, त्यांचा डावा गुडघा वाकत नाही. पहिल्याच फेरीत बाद होणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. वयाने सगळ्यांत मोठे, चारचौघांत शोभा नको, म्हणून मी शिट्टी मारली आणि जाहीर केलं, "टेपकाका कच्चं लिंबू! त्यांना कुणी बाद करायचं नाही!"

लहानपणी आम्ही धाकट्या भावंडांना असंच घ्यायचो. पोरगं पळतं, ओरडतं, त्याला वाटतं आपणही खेळतोय. पण त्याला धरलं काय न धरलं काय, डावात ते मोजतच नाहीत. सगळे हसले. धाकटे वरच्या गॅलरीतून बघत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टेपकाका मधोमध थांबले. म्हणाले, "बाई, मला बाद करा."

"अहो काका, तुमच्यासाठीच तर..."

"मला बाद करा. आत्ता, सगळ्यांसमोर. मी बाहेर जाऊन बसतो. पण डावात ठेवून मोजायचं नाही, हे नको."

आवाज चढवला नाही त्यांनी, आणि त्याचंच मला जास्त लागलं. जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. बसायला खुर्ची नव्हतीच तिथे. करायला गेले एक आणि झालं एक. माणसाने कुणाचं भलं करायलाच जाऊ नये. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे." ह्यांना माझ्याखेरीज सगळ्यांचंच बरोबर वाटतं.

सोमवार, १८ मार्च

एका गिऱ्हाइकाने अर्धा खोका फुटका माल आल्याची तक्रार केली. कानावर आलं तशी तरातरा खाली उतरले. म्हटलं आज एकेकीची हजेरी घेते.

खाली गेले तर बोलणं बंद. रेडिओसुद्धा गप्प. सगळे उभ्यानेच भरत होते. जमिनीवर जाड पिवळे पट्टे आखलेले, आणि माझं टेबल जिथे होतं तिथे मोकळी चौकट. टेबल भिंतीला लावून ठेवलेलं, त्यावर गोणपाटं. मी विचारलं, हे कुणी हलवलं? मुकीने बोटाने वर दाखवलं.

तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर सहीसाठी आला. सवयीने माझ्याकडे वळला. मागून धाकटे आले, हसत त्याच्या पाठीवर थाप मारली. "ताईंना नका विचारू, त्या सध्या खेळात आहेत." ड्रायव्हर हसला. मुकीने सही केली.

मीही हसले. का हसले कोण जाणे. टेबलाचं विचारायचं होतं, ते राहूनच गेलं. रंग झाला की ठेवतील परत जागेवर.

गुरुवार, २१ मार्च

आज धाकट्यांनी तासभर बसवून घेतलं. आधी शनिवारच्या खेळाचं ठरवलं: डोळे बांधून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, अंगणभर मांडलेल्या खोक्यांमधून वाट काढायची. शिट्टीवर थांबायचं, शिट्टीवर चालायचं. मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "ताई, खेळात खरा माणूस कळतो. तुम्ही तीन आठवडे बघताय. तुमच्या माणसांत कोण कसं आहे हो? मला तुमच्या डोळ्यांनी बघायचंय."

इतक्या वर्षांत थोरल्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मग मी बोलले. चांगली रंगून बोलले. रेडिओ हुशार, पण एक सांगितलं तर तीन उत्तरं देते. टेपकाकांना धावता येत नाही आणि चेष्टाही चालत नाही. त्या दोघी बहिणी एकमेकींवाचून पाऊल उचलत नाहीत. तो चष्मेवाला नवं काही शिकायला वेळ लावतो. गुणगुणत काम करणारी तर शिट्टीलाही दचकते. मुकी मात्र सोनं, एकदा दाखवलं की पुरे. ते मान डोलावत होते, मध्येच हसत होते. मी एकेकाची नक्कल केली, त्यावर तर डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

घरी येऊन ह्यांना मोठ्या तोंडाने सांगितलं. हे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "आणि हे त्याला कशाला हवं होतं?"

"म्हणजे?"

"विचारतोय. बरण्या भरायला धावता यावं लागतं का?"

मी म्हटलं, तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही. इतकी वर्षं बघवलं नाही. ताट वाढलं आणि न जेवता उठले. आता दोघं बोलत नाही आहोत.

शनिवार, २३ मार्च

चपलाही न काढता लिहायला बसलेय. अक्षर लागलं नाही तर न लागो.

सगळ्यांचे डोळे मी बांधले. पट्ट्या माझ्या, गाठी माझ्या. एकेकाला हलवून विचारलं, दिसतंय का? नाही ना? मग रांग लावली आणि शिट्टी मारली. चालायला लागले. एकमेकांचे खांदे धरून, खोक्यांना अडखळत, हसत. रेडिओ सगळ्यात पुढे, "कुठे नेताय हो ताई?" असं ओरडत होती.

आणि मागचं फाटक उघडलं. मोठा ट्रक उलटा आत आला. त्यावर लाकडी चौकटीत बांधलेलं हे एवढं थोरलं यंत्र. चार माणसं उतरली आणि ते ढकलत पॅकिंगच्या दारातून आत नेऊ लागली. आमच्यापैकी उघडे डोळे फक्त दोघांचे, माझे आणि धाकट्यांचे. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, डोळा मिचकावला आणि हळूच म्हणाले, "सरप्राइज."

मी शिट्टी वाजवत राहिले. हे लिहिताना लाज वाटते, पण वाजवत राहिले. डोक्यात पिवळे पट्टे आले, मोजपट्टीवाला आला, तरी हात आपला शिट्टी तोंडाकडे नेतोय.

मग पट्ट्या सोडल्या. धाकटे खोक्यावर चढले. सोमवारपासून पॅकिंगला यंत्र, म्हणाले. त्यावर मुकी, आणि तिच्याबरोबर चपळ, पटकन शिकणारी पाच माणसं. बाकीच्यांना आपण प्रेमाने मोकळं करतोय. "आणि हे मी एकट्याने ठरवलेलं नाही. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारं एक माणूस आहे. ताईंनी तीन आठवडे तुम्हाला जवळून पाहिलंय. त्यांच्याशी बोलूनच ठरवलं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला ओरडायचं होतं, खोटं आहे. पण ते खोटं तरी कुठे होतं! धाकट्यांना थांबवायचं तर दुसरं काही सुचेना, म्हणून होती नव्हती तेवढी ताकद लावून शिट्टी फुंकली.

आणि सगळे थांबले. सगळे! पुढे येणारे, तोंड उघडलेले, मूठ वळलेला भट्टीचा गडी, जो जिथे होता तिथे पुतळा. मीच शिकवलेलं. थांबले नाहीत ते फक्त धाकटे. त्या शांततेत त्यांनी सहा नावं घेतली. प्रत्येक नाव स्वच्छ ऐकू आलं. रेडिओ, टेपकाका, दोघी बहिणी, चष्मेवाला, गुणगुणणारी. मी नकला केलेल्या त्याच क्रमाने.

मग म्हणाले, "आणि आपल्या ताई आता कायमच्या वर. आनंदप्रमुख!" आणि टाळ्या वाजवत आमच्याकडे बघत राहिले.

रविवार, २४ मार्च

ह्यांनी चहा केला. 'मी सांगितलं होतं' म्हणाले असते तर कडाडून भांडले असते, जरा मोकळं तरी वाटलं असतं. तेवढाही आधार नाही दिला.

आज दिवसभर नुसता राग राग. कपडे धुताना धाकट्यांना धुतलं, भांडी घासताना मुकीला. तिने नीट का नाही सांगितलं? मग आठवलं, जिना चढून आली होती. दिवसाच्या दहा शब्दांतले नऊ माझ्यावर खर्च केले होते तिने.

सगळं आता असं लख्ख दिसतंय की डोळे फोडून घ्यावेसे वाटतात. यंत्र आणायचं म्हणजे कारखान्यात कोण आडवं येणार? मी. फाटकात कोण बसणार? मी. आणि मला काढलं तर बारा माणसं माझ्यामागे उठणार. म्हणून काढलं नाही. वर नेलं, गळ्यात शिट्टी घातली, पाठीवर हात फिरवला. सुंठीवाचून खोकला गेला. तो खोकला मी.

आणि अजूनही मला काढलेलं नाहीच. पगार तोच, खुर्ची मोठी. मी पळायचं, ओरडायचं, आणि कुणी मोजायचं नाही. टेपकाका त्या दिवशी हेच सांगत होते, त्यांना ते तेव्हाच कळलं होतं. आणि मी घरी येऊन लिहिलं, भलाईचा जमाना राहिला नाही.

सोमवार, २५ मार्च

सकाळी गेले. सहाही जण फाटकाबाहेर उभे. आत त्यांचे डबे, चपला, एकीची छत्री राहिलेली, पण पहारेकरी सोडेना. मला मात्र त्याने सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. मी आत पाऊल टाकलं आणि तो सलाम अंगाला झोंबला. मागे फिरले, बाहेर येऊन त्यांच्यात उभी राहिले.

धाकटे आले. "ताई, उन्हात काय करताय? आत या."

"आधी ह्यांना घ्या."

"आत बसून बोलू ना. कॉफी मागवतो."

"नको मला कॉफी! मग मलाही काढा."

ते हसले. "तुम्हाला कसं काढणार? तुम्ही घरच्या."

"अहो, भांडा तरी माझ्याशी!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. "फसवलंत तुम्ही मला. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून खेळवलंत!"

"तुम्ही दमलात," ते मऊ आवाजात म्हणाले. "दोन दिवस आराम करा." आणि गेले. फाटक लागलं. आतून मुकी दिसली, यंत्राशेजारी उभी. तिने एकदा इकडे पाहिलं आणि वळली.

मग मी त्या सहा जणांना सांगितलं. मालकांनी विचारलं आणि मी एकेकाबद्दल काय काय बोलले, सगळं. नकला केल्या तेही. डोळ्याला डोळा देऊन सांगितलं. म्हटलं, माझ्या बोलण्याने तुमच्या पोटावर पाय आला, मला चपलेने मारा.

टेपकाका खाली बघत होते. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून होत्या. बोलली ती रेडिओ, आणि नेहमीसारखी भरभर नाही, हळू बोलली.

"तुम्ही बोललात म्हणून नाही गेलो आम्ही, ताई. आम्हाला सगळं दिसत होतं. जमीन मोजली तेव्हाच कळलं होतं. काका म्हणत होते आपणच बसू फाटकात. मी म्हटलं थांबा, ताई आहेत, त्या येतील खाली. रोज तेच म्हणत होते मी. तुम्ही याल म्हणून आम्ही काहीच केलं नाही."

मी काही बोलेन म्हणून सगळे थांबले होते. संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहिले. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.